पाण्याचा हिशेब

सह्याद्रीच्या पायथ्याशी, ठाणे जिल्ह्यात, शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके आहेत. येथे पाऊस मोठा. आषाढ-श्रावणात कड्यांवरून धबधबे कोसळतात. भातसा, काळू, शाई या नद्या दुथडी भरून वाहतात. मुंबईला पाणी पुरवणारे तानसा धरण १८९२ मध्ये याच शहापूर तालुक्यात बांधून पूर्ण झाले. पुढे मोडकसागर आणि भातसा ही धरणेही मुंबईच्या कामी आली. परंतु याच मुलखात चैत्र-वैशाखात कित्येक पाड्यांना पाण्याच्या टँकरची वाट पाहावी लागते. भाताची कापणी झाली की दुसऱ्या पिकास पाणी उरत नाही. म्हणून अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामासाठी जातात. आईबापांबरोबर मुलेही जातात आणि त्यांची शाळा सुटते.

एवढा पाऊस पडूनही असे का व्हावे? मुलांनो, आपण थोडा हिशेब करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे तेथे एक लिटर पाणी पडले. एक गुंठा म्हणजे सुमारे १०० चौरस मीटर. या भागात वर्षाला साधारणपणे २,५०० मिलिमीटर पाऊस होतो. म्हणजे एकेका गुंठ्यावर अडीच लाख लिटर पाणी पडते! आता गरज पाहा. उन्हाळ्यात भाजीपाल्याला दिवसाला सुमारे ५ मिलिमीटर, म्हणजे गुंठ्याला ५०० लिटर पाणी लागते. फेब्रुवारी ते मे हे १२० दिवस धरले, तर एकूण गरज ६०,००० लिटरांची झाली. पडलेल्या पाण्याचा चौथा हिस्साही आपल्याला लागत नाही. पण येथे जमिनीचा उतार तीव्र, मातीचा थर पातळ आणि खाली काळा कातळ. त्यात पाणी फारसे मुरत नाही. ते ओढ्यांतून नद्यांना आणि नद्यांतून खाडीला जाऊन मिळते.

म्हणून पहिले काम पाणी अडवण्याचे. पावसाळा सरून ओढ्याचा प्रवाह मंदावला, की रिकाम्या पोत्यांत माती किंवा वाळू भरून ती पात्रात आडवी रचतात. यालाच वनराई बंधारा म्हणतात. भिंतीतील विटांप्रमाणे पोत्यांचे सांधेही एकावर एक येऊ द्यावयाचे नसतात. गावकऱ्यांच्या श्रमदानातून असा बंधारा उभा राहतो. अडलेले पाणी हळूहळू मुरते आणि जवळच्या विहिरींना त्याचा आधार मिळतो.

दुसरे काम, पाणी देण्याची योग्य पद्धत निवडण्याचे. शेजाऱ्याने नळ्या अंथरल्या म्हणून आपणही अंथराव्यात, हे शहाणपणाचे नाही. जमीन कशी आहे, उतार किती आहे, पीक कोणते आहे आणि पाणी किती शिल्लक आहे, हे चार प्रश्न आधी विचारावेत. भातखाचरात कापणीनंतरही ओल असते. तेथे वाल किंवा हरभरा पेरला, तर त्या ओलीवरच पीक येते. त्याला वेगळे पाणी देण्याचा खर्च पडत नाही. जमीन सपाट असेल आणि कालव्याचे पाणी मिळत असेल, तर सरी-वरंबा पद्धत सोयीची. मात्र सरी फार लांब नसावी. नाही तर तोंडाशी पाणी गरजेहून अधिक मुरते आणि टोकाची रोपे तहानलेली राहतात. भुईमुगासारख्या दाट पिकाला तुषार सिंचन मानवते; पण ते वारा व ऊन नसताना, पहाटे किंवा सायंकाळी करावे.

उताराच्या वरकस जमिनीवर भेंडी, मिरची किंवा आंब्याची कलमे असतील, तर ठिबक सिंचन उत्तम. शंकराच्या पिंडीवरील अभिषेकपात्र तुम्ही पाहिले असेल. त्यातून जशी संथ धार गळते, तसेच नळीच्या बारीक तोटीतून थेंब थेंब पाणी थेट मुळाशी पडते. इस्रायलमधील सिम्चा ब्लास या अभियंत्याने १९५९ च्या सुमारास या पद्धतीला आजचे रूप दिले. मोकाट पाणी दिल्यास त्यातील निम्मे वाया जाऊ शकते. ठिबकने १०० लिटरांपैकी सुमारे ९० लिटर पिकाच्या उपयोगी पडते. ज्याला नळ्यांचा खर्च झेपत नाही, त्याने रोपाजवळ मातीचा भाजलेला घडा गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवावा. त्यातून पाणी झिरपत राहते.

तिसरे काम निगा राखण्याचे. बहुतेक शेतांत याच कामाची हेळसांड होते. पाण्यातील गाळ, शेवाळ आणि क्षार यांनी तोट्या बुजतात. रोप सुकेपर्यंत ते कळतही नाही. म्हणून गाळणी नियमितपणे धुवावी. अधूनमधून नळ्यांची टोके उघडून साचलेला गाळ वाहून जाऊ द्यावा. उंदीर व खारी नळ्या कुरतडतात. तेव्हा शेतातून फेरी मारताना ओली जागा दिसली की थांबून पाहावे. ताशी ४ लिटर पाणी देणाऱ्या तोटीखाली भांडे ठेवले, तर १५ मिनिटांत त्यात एक लिटर पाणी जमले पाहिजे. नळीच्या आरंभीची आणि शेवटची तोटी अशी मोजून पाहिली, की बिघाड लगेच उघडकीस येतो.

जेथे पाणी अनेकांचे, तेथे निगाही अनेकांची. धुळे व नाशिक जिल्ह्यांत फड पद्धत शेकडो वर्षे चालत आली. तेथे नदीवर बंधारा बांधून पाटाने शेतांना पाणी नेत. पाटकरी ते पाळीपाळीने सर्वांना देई आणि पाटातील गाळ शेतकरी मिळून काढीत. पाट तुंबला तर नुकसान सर्वांचेच, हे प्रत्येकाला ठाऊक होते.

तुमच्या शाळेची बाग किती गुंठ्यांची आहे, तिला रोज किती लिटर पाणी लागेल आणि प्रत्यक्षात किती दिले जाते, हे मोजून वहीत लिहा. मग शाळेच्या छपरावर पावसाळ्यात किती पाणी पडते, तेही काढा. हा हिशेब ज्या गावाला जमला आणि बंधारे व पाट ज्याने नीट राखले, तेथे भातामागून दुसरे पीक उभे राहते. मग वीटभट्टीची वाट न धरता कुटुंबाला गावातच राहता येते आणि मुलांची शाळाही सुटत नाही.