लेसिथिन : शरीरातील कार्य आणि आहारातील स्थान

सोयाबीनपासून काढलेल्या लेसिथिनच्या गोळ्या व भुकटी औषधांच्या दुकानांत विकावयास असतात. त्यांनी यकृत शुद्ध होते, स्मरणशक्ती वाढते, रक्तातील चरबी उतरते, असे गुण सांगितले जातात. सोयाबीन पोत्याने विकावयाचे आणि त्यातीलच एक अंश डबीने परत विकत घ्यावयाचा, हा व्यवहार शेतकऱ्याने करावा की नाही हे ठरविण्यापूर्वी हा पदार्थ काय आहे ते समजून घेणे अगत्याचे आहे.

लेसिथिन हे तेला-तुपाचेच नातलग होय. साध्या तेलाच्या रेणूत ग्लिसरीनला तीन मेदाम्ले जोडलेली असतात. लेसिथिनमध्ये तिसऱ्या मेदाम्लाच्या जागी स्फुरद आणि त्याला लागून कोलीन नावाचा नत्रयुक्त पदार्थ असतो. नत्र व स्फुरद ही नावे शेतकऱ्यांस खताच्या पोत्यावरून परिचित आहेतच. या रचनेमुळे त्याचे एक टोक तेलाकडे व दुसरे पाण्याकडे ओढ घेते. फ्रेंच औषधशास्त्रज्ञ गोब्ले यांनी हा पदार्थ अंड्याच्या बलकात शोधून काढला आणि १८५० मध्ये बलक या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यास हे नाव दिले.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी याचे प्रात्यक्षिक सभेत अवश्य दाखवावे. दोन बाटल्यांत समभाग तेल व पाणी घ्यावे, एकीत अंड्याचा बलक टाकावा व दोन्ही जोराने हलवाव्यात. पहिल्या बाटलीतील तेल थोड्याच वेळात वर येते. बलकाच्या बाटलीतील मिश्रण दुधासारखे एकजीव राहते. बिस्किटे व चॉकलेट करणारे कारखानदार लेसिथिन वापरतात ते याच गुणासाठी. त्यांना लागणारा माल तेलगिरण्यांतून येतो. सोयाबीनच्या कच्च्या तेलात थोडे गरम पाणी घातले असता त्यातील चिकट द्रव्य फुगून वेगळे होते. ते वाळविले की काकवीसारखा दाट, तपकिरी पदार्थ मिळतो. बाजारात यालाच लेसिथिन म्हणतात. वस्तुतः ते अनेक सजातीय द्रव्यांचे मिश्रण असून खरे लेसिथिन त्यात साधारणतः चौथा हिस्सा असते.

शरीरात या पदार्थाचे महत्त्व मोठे आहे, याविषयी शंका नाही. प्रत्येक पेशीचे पातळ आवरण मुख्यतः अशाच द्रव्यांचे बनलेले असते. पित्तामध्ये ते कोलेस्टेरॉलला विरघळलेल्या स्थितीत ठेवते. यकृतात तयार झालेली चरबी रक्तावाटे इतरत्र पाठविण्यासही ते लागते. ते अपुरे पडल्यास चरबी यकृतातच साचते. टोरांटो येथे बेस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये हे दाखवून दिले. स्वादुपिंड काढून इन्सुलिनवर जगविलेल्या कुत्र्यांच्या यकृतात चरबी साठत असे. आहारात लेसिथिन देताच ती कमी झाली. पुढे हा गुण त्यातील कोलीनचा असल्याचे निष्पन्न झाले. कुक्कुटपालकांना कोलीनची ओळख निराळ्या वाटेने झालेली असते. खाद्यात ते कमी पडले तर पिलांच्या घोट्यावरील शीर सरकते व पाय वाकडा होतो.

मग गोळ्या का घेऊ नयेत? याचे उत्तर पचनक्रियेत आहे. खाल्लेले लेसिथिन जसेच्या तसे मेंदूत वा यकृतात जाऊन बसत नाही. आतड्यात स्वादुपिंडाचा रस त्याचे विघटन करतो, आणि शरीर आपल्या गरजेप्रमाणे ते पुन्हा घडविते. यकृत स्वतःही ते तयार करते. स्मृतिभ्रंशाच्या रोग्यांना लेसिथिन देऊन केलेल्या चाचण्यांत लाभ आढळला नाही. कोलेस्टेरॉल उतरते या दाव्याचा पुरावाही दुबळा आहे. विक्रेते सर्वस्वी खोटे बोलतात असे नव्हे. पदार्थाचे महत्त्व ते खरे सांगतात व त्यावरून गोळीचे महत्त्व ग्राहकाने आपणच मानून घ्यावे अशी सोय करतात.

कोलीन मात्र आहारातून मिळालेच पाहिजे, कारण शरीरात होणारी त्याची निर्मिती पुरेशी नसते. अमेरिकेत १९९८ मध्ये ठरविलेल्या प्रमाणानुसार प्रौढ पुरुषास रोज ५५० व स्त्रीस ४२५ मिलिग्रॅम कोलीन पुरेसे मानतात. गर्भवतीस ४५० व स्तनदा मातेस ५५० मिलिग्रॅम. आता हिशेब पाहावा. सोया-लेसिथिनच्या १२०० मिलिग्रॅमच्या एका गोळीतील खऱ्या लेसिथिनातून सुमारे ४० मिलिग्रॅम कोलीन मिळते. एका उकडलेल्या अंड्यात ते १४० मिलिग्रॅमहून अधिक असते, शिवाय उत्तम प्रथिने मिळतात ती वेगळीच. म्हणजे घरच्या कोंबडीचे एक अंडे तीन गोळ्यांना भारी आहे. ते बाजारात पाठविण्याऐवजी घरातील गर्भवतीच्या ताटात पडावे, हे कार्यकर्त्यांनी आग्रहाने सांगावे.

अंडी वर्ज्य असलेल्या घरी १०० ग्रॅम कोरड्या सोयाबीनमधून सुमारे ११५ व तितक्याच शेंगदाण्यांतून ५० मिलिग्रॅमच्या आसपास कोलीन मिळते; पेलाभर दुधातून ३५ ते ४०. कोणताही एक जिन्नस पुरा पडत नाही, म्हणून डाळी, दूध व भाज्या यांची जोड हवी.

सोयाबीनची अॅलर्जी असणाऱ्यांनी लेसिथिनच्या गोळ्या टाळाव्यात. अधिक मात्रेने इतरांनाही मळमळ व हगवण होऊ शकते. यकृताच्या विकारात डॉक्टरांचे उपचार सोडून त्यांवर विसंबू नये. सोयाबीन कच्चे खाऊ नये, कारण त्यात प्रथिनांचे पचन रोखणारा घटक असतो. निवडलेले दाणे उकळत्या पाण्यात २५ मिनिटे शिजवावेत, उन्हात कडक वाळवावेत आणि ९ किलो गव्हास १ किलो या प्रमाणात मिसळून दळून आणावेत. पीठ थोडथोडेच दळावे. सोयाबीनमधील तेलामुळे ते लवकर खवट होते.