दोन-तीन रेडिएटर लावायचेत? मग कॅबिनेट आधी ठरवा

गिरगाव, लालबाग, परळ, दादर भागातले आपले कितीतरी तरुण घरबसल्या लग्नाचे व्हिडिओ एडिट करतात, थ्रीडी ॲनिमेशन किंवा आर्किटेक्टसाठी रेंडरिंग करतात. मशीन रात्रभर चालते आणि मे महिन्यात खोली आधीच तापलेली असते. म्हणून लिक्विड कूलिंगचा विचार होतो. पण लॅमिंग्टन रोडवर खरेदीला गेले की प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आधी ठरते, कॅबिनेट उरलेल्या पैशात. फसगत होते ती इथेच. खोका उघडल्यावर माल परत घ्यायला दुकानदार सहसा तयार नसतो, आणि घरच्यांनी साठवलेला पैसा अडकून पडतो.

खरंच दोन लागतात का?

आधी हिशेब करू. इंटेलचा आय-नाईन १४९००के पूर्ण जोरात २५३ वॅटपर्यंत जातो, आरटीएक्स ४०९० कार्ड ४५० वॅटपर्यंत. रेडिएटरच्या दर १२० मिमी भागाला साधारण १०० वॅट, असा ढोबळ अंदाज धरतात. म्हणजे दोन्ही पाण्यावर थंड करायचे तर ३६० मिमीचे दोन रेडिएटर तरी हवेत. फक्त प्रोसेसर थंड करायचा असेल तर एकच पुरे. कार्डाला स्वतःचे पंखे असतातच. गरज नसताना खर्च वाढवू नका.

खोक्यावरचे आकडे नीट वाचा

"पुढे ३६०, वर ३६०, बाजूला ३६०" असे लिहिलेले असते. याचा अर्थ तिन्ही एकदम बसतात असा नाही. बऱ्याच कॅबिनेटमध्ये एक बसवला की दुसऱ्याची जागा जाते. म्हणून प्रश्न असा विचारा : एकाच वेळी किती बसतात? उत्तर कंपनीच्या मॅन्युअलमध्ये शोधा.

टेप घेऊन काय मोजायचे?

- लांबी : ३६० चा रेडिएटर प्रत्यक्षात ३९५ मिमीच्या आसपास असतो, कारण दोन्ही टोकांना पाण्याची टाकी असते. पुढचा आणि वरचा रेडिएटर कोपऱ्यात एकमेकांना अडतात, ते यामुळेच.
- जाडी : नेहमीचा रेडिएटर २७ मिमी, पंखा २५ मिमी, एकूण ५२. वर बसवताना तो उंच रॅमला किंवा मदरबोर्डच्या हीटसिंकला टेकतो का, ते बघा.
- कार्ड : कार्डासाठी ३८० मिमी जागा लिहिली असेल आणि पुढे रेडिएटर लावला, तर उरतात ३२८. मोठी कार्डे याहून लांब असतात.
- पंप : हवेचे बुडबुडे वर जमतात. म्हणून पंप सगळ्यात उंच जागी येऊ देऊ नका. रेडिएटरचा वरचा भाग त्याच्या वर हवा.

दोन टोकांची उदाहरणे

लिआन ली ओ-११ डायनॅमिक या कॅबिनेटमध्ये वर, खाली आणि बाजूला असे ३६० चे तीन रेडिएटर एकदम बसतात, आणि त्याची उंची ४४६ मिमीच आहे. दुसरीकडे कॉर्सेअर १०००डी चार रेडिएटर घेते, पण रिकामेच सुमारे ३० किलो भरते आणि उंची जवळजवळ ७० सेंटीमीटर. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ते चढवायचे कोणी, आणि दहा बाय बाराच्या खोलीत ठेवायचे कुठे?

मुंबईच्या खोलीचा विचार

रेडिएटर पाण्याला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. त्यामुळे दमट हवेतही आत दव धरण्याची भीती नाही. पण खोली ३४ अंशावर असेल तर पाणी त्याहून गरमच राहणार, आणि ७०० वॅटची उष्णता शेवटी खोलीतच येणार. कपाट आणि भिंतीच्या बेचक्यात कॅबिनेट कोंबले तर तीन रेडिएटरही फुकट. ओ-११ च्या पुढे काच आहे. हवा खालून आणि काच नसलेल्या बाजूने येते. ती बाजू मोकळी हवी. लालबाग-परळला बांधकामांची धूळ आहे, म्हणून न उघडता काढून धुता येईल अशी जाळी असलेले कॅबिनेट घ्या.

खरेदीला जाताना मदरबोर्ड, रॅम, कार्ड आणि रेडिएटर यांची मापे कागदावर लिहून न्या. "हे सगळं एकत्र बसेल ना?" असे दुकानात विचारा, मॅन्युअलमधले चित्र दाखवायला सांगा, आणि मगच पैसे द्या.