आवडीचे काम की अधिक पगार? निवडीमागचा हिशेब

बारावीचा निकाल लागला की देशभरातील असंख्य घरांत एकच प्रश्न चर्चेला येतो. मुलाला किंवा मुलीला एखाद्या विषयाची मनापासून ओढ असते. घरातील वडीलधाऱ्यांना मात्र लवकर आणि चांगली नोकरी मिळवून देणारे शिक्षण हवे असते. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य असते, म्हणूनच हा वाद सहजासहजी मिटत नाही. आवडीच्या कामासाठी भरघोस पगार सोडणाऱ्यांच्या कथा आपण कौतुकाने ऐकतो. परंतु त्या व्यक्तींनी निर्णयापूर्वी केलेली तयारी या कथांमध्ये सहसा सांगितली जात नाही. ही तयारी कशी होती, आवडीच्या कामाचा मोबदला अनेकदा कमी का असतो आणि पैशाचे समाधानाशी नाते काय, याचा हा आढावा.

लेखा विभागातील शास्त्रज्ञ

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९०७ मध्ये मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून भौतिकशास्त्रात एम.ए. केले. विद्यार्थिदशेतच, १९०६ मध्ये, त्यांचा शोधनिबंध इंग्लंडमधील 'फिलॉसॉफिकल मॅगझीन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. तरीही भारतीय तरुणाला केवळ संशोधनावर चरितार्थ चालवता येईल, अशी परिस्थिती तेव्हा नव्हती. इंग्लंडला जाण्याचा विचारही प्रकृतीच्या कारणास्तव सोडून द्यावा लागला. रामन यांनी वित्त विभागाची स्पर्धा परीक्षा दिली, तीत पहिला क्रमांक मिळवला आणि वयाच्या अठराव्या वर्षी ते कलकत्त्यात सहायक महालेखापाल म्हणून रुजू झाले.

कलकत्त्यातील बहूबाजार भागात 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' ही संस्था होती. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये ती स्थापन केली होती. रामन यांनी कार्यालयीन वेळेपूर्वी सकाळी आणि कार्यालय सुटल्यावर सायंकाळी तेथील प्रयोगशाळेत काम सुरू केले. मध्यंतरी त्यांची रंगूनला आणि नंतर नागपूरला बदली झाली. १९११ मध्ये ते कलकत्त्याला परतले आणि पुन्हा त्याच प्रयोगशाळेत जाऊ लागले. हा क्रम सुमारे दहा वर्षे चालला.

कलकत्ता विद्यापीठाचे सर आशुतोष मुखर्जी यांनी त्यांना भौतिकशास्त्राच्या पालित प्राध्यापकपदासाठी पाचारण केले. सरकारी सेवेच्या तुलनेत या पदाचा पगार बराच कमी होता. वित्त विभागात रामन यांच्यापुढे बढतीचा मार्ग खुला होता. तरीही १९१७ मध्ये त्यांनी सरकारी नोकरीचा राजीनामा दिला. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्यांच्या नावाने ओळखला जाणारा प्रकाशाच्या विकिरणाचा परिणाम त्यांनी जाहीर केला आणि १९३० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९८७ पासून २८ फेब्रुवारी हा दिवस देशभर राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो.

रामन यांच्या निर्णयाचे धाडस सर्वांना ठाऊक आहे. मात्र नोकरी सोडली तेव्हा हे काम आपल्याला खरोखर जमते आणि रोज करूनही कंटाळा येत नाही, याचा दहा वर्षांचा पुरावा त्यांच्यापाशी होता. शिवाय कमी का होईना, पण निश्चित वेतनाचे पद समोर होते. त्यांनी चरितार्थ पणाला लावला नव्हता. अधिक मोबदल्याऐवजी पुरेसा मोबदला स्वीकारला होता.

तीन वेगळ्या वाटा

होमी भाभा यांना केंब्रिज येथे यंत्र अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी पाठवण्यात आले होते. मुलाने पुढे औद्योगिक क्षेत्रात जावे, अशी कुटुंबाची अपेक्षा होती. भाभांचा ओढा भौतिकशास्त्राकडे होता. अभियांत्रिकीची परीक्षा प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाल्यास आवडीच्या विषयाचे शिक्षण घेण्यास मुभा देऊ, असे वडिलांनी मान्य केले. १९३० मध्ये भाभांनी ही अट पूर्ण केली आणि त्यानंतर ते गणित व भौतिकशास्त्राकडे वळले. वडिलांची काळजी आणि मुलाची ओढ या दोहोंना या तडजोडीत जागा मिळाली.

पक्षितज्ज्ञ सालिम अली यांची वाट अधिक खडतर होती. १९२६ मध्ये ते मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात मार्गदर्शक-व्याख्याता झाले. पुढे प्रशिक्षणासाठी ते बर्लिनला गेले. परतल्यावर त्यांना समजले की, निधीअभावी ते पदच रद्द करण्यात आले आहे. मनासारखी नोकरी मिळेना, तेव्हा ते पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळील किहीम येथे राहावयास गेले. तेथेच त्यांनी सुगरण पक्ष्याच्या विणीचा अभ्यास केला आणि त्या अभ्यासाने अभ्यासकांमध्ये त्यांचे नाव झाले. नंतर हैदराबादसह अनेक संस्थानांतील पक्ष्यांची सर्वेक्षणे त्यांनी संस्थानिकांच्या साहाय्याने केली. आवडीच्या वाटेवर नोकरी गमावण्याची वेळ येऊ शकते आणि त्या काळात जोडीदाराची साथ किती मोलाची ठरते, हे या उदाहरणावरून दिसते.

तिसरे उदाहरण मराठी रसिकांच्या परिचयाचे आहे. डॉ. श्रीराम लागू हे कान, नाक व घसा यांचे शल्यविशारद होते. पुण्यात आणि टांझानियातील टाबोरा येथे त्यांनी वैद्यकीय व्यवसाय केला. भारतात असताना पुण्याची 'प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन' आणि मुंबईची 'रंगायन' या संस्थांमधून ते नाटकांत काम करीत होते. १९६९ मध्ये, चाळिशी गाठल्यावर, ते पूर्णवेळ अभिनयाकडे वळले. दुसरीकडे डॉ. मोहन आगाशे यांनी मनोविकारशास्त्राचे अध्यापन आणि अभिनय ही दोन्ही क्षेत्रे बरोबरीने सांभाळली. आवडीचे काम करण्यासाठी दुसरे काम सोडावेच लागते असे नाही, हे त्यांच्या वाटचालीने दाखवून दिले.

अर्थात एक सावधगिरी आवश्यक आहे. ही नावे आपल्याला ठाऊक आहेत, कारण त्यांना यश मिळाले. अशीच नोकरी सोडून ज्यांच्या पदरी यश पडले नाही, त्यांची चरित्रे लिहिली जात नाहीत. त्यामुळे केवळ यशस्वी उदाहरणांवरून यशाची शक्यता ठरवणे योग्य होणार नाही.

आवडीच्या कामाचा मोबदला कमी का?

या प्रश्नाचे उत्तर अर्थशास्त्राच्या आद्य ग्रंथात सापडते. ॲडम स्मिथ यांनी १७७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'वेल्थ ऑफ नेशन्स'मध्ये निरनिराळ्या व्यवसायांतील वेतनात फरक का पडतो, याची पाच कारणे दिली आहेत. काम किती सुखद किंवा त्रासदायक आहे, ते शिकण्यास किती श्रम व खर्च लागतो, ते नियमित मिळते की नाही, त्यात किती विश्वास टाकावा लागतो आणि यश मिळण्याचा संभव किती, ही ती कारणे होत.

साध्या शब्दांत सांगायचे तर, जे काम पुष्कळ लोकांना करावेसे वाटते, त्यासाठी उमेदवार पुष्कळ असतात आणि वेतन खाली येते. जे काम करण्यास कोणी सहसा राजी नसते, त्यासाठी अनेकदा जादा पैसे मोजावे लागतात. आनंद हा जणू वेतनाचाच एक भाग ठरतो आणि तेवढी रक्कम रोख पगारातून वजा होते. साहित्य, संगीत, नाटक, अध्यापन अशा क्षेत्रांत उमेदवारीचा काळ लांबतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

स्मिथ यांनी वकिलीची तुलना सोडतीशी केली होती: यशस्वी होणाऱ्या थोड्यांच्या कमाईकडे पाहून अनेक जण त्या व्यवसायात शिरतात आणि स्वतःच्या यशाची शक्यता वाजवीपेक्षा अधिक धरतात. आजच्या चित्रपट, क्रीडा किंवा समाजमाध्यमांच्या क्षेत्रांनाही हे निरीक्षण लागू पडते.

पैसा आणि समाधान

पैशाने सुख मिळत नाही, असे म्हणण्याची पद्धत आहे. संशोधनाचे निष्कर्ष इतके सरळ नाहीत. डॅनियल काहनेमन आणि अँगस डीटन या दोन नोबेल विजेत्या अभ्यासकांनी २०१० मध्ये अमेरिकेतील पाहणीच्या आधारे असे मांडले की, वार्षिक सुमारे ७५,००० डॉलर उत्पन्नानंतर दैनंदिन जीवनातील आनंद फारसा वाढत नाही. आयुष्याविषयीचे एकंदर मत मात्र उत्पन्नाबरोबर सुधारत राहते. २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांचा निष्कर्ष वेगळा निघाला. मग २०२३ मध्ये काहनेमन आणि किलिंग्सवर्थ यांनी बार्बरा मेलर्स यांच्यासह एकत्रित अभ्यास केला. बहुसंख्य लोकांचा आनंद उत्पन्नाबरोबर वाढत जातो; अत्यंत दुःखी असलेल्या अल्पसंख्य गटाच्या बाबतीत मात्र तो एका मर्यादेनंतर वाढत नाही, असे त्यात आढळले.

हे आकडे अमेरिकेचे आहेत. ते भारतीय कुटुंबाला जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. परंतु पैसा दुय्यम आहे, असे सांगून तरुणांना निर्णय घ्यावयास लावणे चुकीचे आहे, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. घरभाडे, आजारपण आणि भावंडांचे शिक्षण या चिंता सतावत असतील, तर आवडीचे कामही ओझे वाटू लागते.

पैशाचा परिणाम उलट दिशेनेही होतो. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना कोडी सोडवण्याबद्दल पैसे दिले, काहींना दिले नाहीत. पैसे देणे थांबवल्यावर पहिल्या गटाची मोकळ्या वेळेत कोडी सोडवण्याची इच्छा कमी झालेली दिसली. छंदाचा व्यवसाय केल्यावर त्यातील गोडी पूर्वीसारखी राहील, असे गृहीत धरता येत नाही. छायाचित्रणाची आवड असलेल्या तरुणाने हा व्यवसाय पत्करला, तर ग्राहकांच्या मुदती, थकलेली बिले आणि कराचे विवरणपत्र हेही त्याच्या वाट्याला येते.

आवड सापडते की घडते?

अमेरिकेतील ॲमी झेस्नेव्स्की आणि सहकाऱ्यांच्या १९९७ च्या अभ्यासात, आपल्या कामाकडे लोक तीन प्रकारे पाहतात असे दिसून आले: उपजीविकेचे साधन, प्रगतीची शिडी किंवा जीवितकार्य. लक्षणीय बाब अशी की, एकाच प्रकारचे कार्यालयीन काम करणाऱ्या सहायकांमध्येही हे तिन्ही दृष्टिकोन जवळपास सारख्या प्रमाणात आढळले. म्हणजे समाधान केवळ पदाच्या नावात नसते.

२०१८ मध्ये पॉल ओकीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन यांनी आणखी एक मुद्दा पुढे आणला. आवड ही आधीच ठरलेली असते आणि ती फक्त शोधायची असते, असे मानणाऱ्यांचा उत्साह अडचण येताच अधिक ओसरतो. आवड हळूहळू वाढवता येते, असे मानणारे त्या मानाने टिकून राहतात. सतराव्या-अठराव्या वर्षी कोणतीही ठाम आवड नसणे, ही म्हणूनच काळजीची बाब मानण्याचे कारण नाही.

खर्च कोण सोसतो?

या चर्चेत सर्वांत कमी बोलला जाणारा मुद्दा आर्थिक आधाराचा आहे. घर स्वतःचे असेल, आई-वडिलांना निवृत्तिवेतन असेल, तर मुलाला दोन-तीन वर्षे कमी पैशांत काढता येतात. कुटुंबातील पहिली पदवीधर मुलगी मात्र नोकरीला लागेल, या आशेवर अनेकदा सारे घर अवलंबून असते. तिने आवडीऐवजी पगार निवडला, तर त्यास धाडसाचा अभाव म्हणणे अन्यायाचे ठरेल. शैक्षणिक कर्जाचे हप्ते साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यानंतर वर्षभराने सुरू होतात. निर्णय घेताना ही तारीख दृष्टीआड करून चालत नाही.

रामन यांच्या काळाशी तुलना करता आज काही वाटा अधिक रुंद झाल्या आहेत. मूलभूत विज्ञानासाठी पुणे आणि कोलकाता येथे २००६ मध्ये 'आयसर' या संस्था सुरू झाल्या. पुढे मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम, तिरुपती आणि बेऱ्हामपूर येथेही त्या स्थापन झाल्या. २००८ मधील 'इन्स्पायर' योजनेत विज्ञान शाखेच्या निवडक विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ८०,००० रुपयांची शिष्यवृत्ती ठेवण्यात आली. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये करण्यात आली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्यांचे शिक्षण घेण्यास परवानगी दिली. त्यामुळे उपजीविकेचे शिक्षण आणि आवडीचा विषय यांची सांगड घालणे काही विद्यार्थ्यांना शक्य झाले आहे.

निर्णयापूर्वीचे प्रश्न

या साऱ्याच्या आधारे कुटुंबाने एकत्र बसून चार प्रश्नांची उत्तरे लिहून काढणे उपयुक्त ठरेल. पहिला, महिन्याला किमान किती पैसे लागतात आणि त्यांपैकी किती रक्कम इतरांसाठी आहे? दुसरा, आवड त्या कामाची आहे की त्यातून मिळणाऱ्या नावाची. त्यातील कंटाळवाणा भागही रोज करण्याची तयारी आहे का? तिसरा, नोकरी किंवा शिक्षण चालू ठेवून हे काम वर्षभर करून पाहता येईल का? चौथा, यश न मिळाल्यास परतीची वाट कोणती आणि ती किती काळ खुली राहील?

उत्तरे समाधानकारक असतील, तर कमी पगाराची वाट हा विचारपूर्वक केलेला व्यवहार ठरतो. ती तशी नसतील, तर आवडीला नकार देण्याची गरज नाही. तिला तूर्त सायंकाळची वेळ देता येते. रामन यांनी अशी दहा वर्षे दिली होती. विद्यापीठाचे बोलावणे आले, तेव्हा कोणता निर्णय घ्यावयाचा, याचे उत्तर त्यांच्यापाशी तयार होते.