गालातली गाठ आणि गप्प बसवलेले पहारेकरी

तंबाखूचा बार किंवा गुटख्याची पुडी गालात जिथे धरली जाते, बहुधा तिथेच, गाल आणि हिरडीच्या खाचेत, आपल्याकडचा मुखकर्करोग उगवतो. डॉक्टर त्याला ‘भारतीय मुखकर्करोग’ म्हणतात; बिरुद मिरवण्यासारखं नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. खामगाव किंवा मेहकरच्या पानटपरीवर हे सांगून पाहा, लोक हसतील.

तंबाखूनं पेशी बिघडतात हे सगळ्यांना पाठ आहे. पण बिघडलेल्या पेशी हुडकून मारायला शरीराकडे टी पेशी असतात. मग गाठ वाचते कशी?

एक तर ती लपते. आपल्या आत काय चाललंय याचे नमुने प्रत्येक पेशी पृष्ठभागावर मांडते आणि ते पाहूनच टी पेशी शत्रू ओळखते. कर्करोगाच्या काही पेशी हे मांडणंच कमी करतात. दुसरी युक्ती जास्त बेरकी. टी पेशीवर पीडी-१ नावाचा खटका असतो. तो दाबला की ती थंडावते. ही सोय हवीच, नाहीतर आपलं संरक्षण आपल्याच अंगावर उलटेल. गाठ पीडी-एल१ हे प्रथिन पुढे करून नेमका तोच खटका दाबते. गंमत अशी, की टी पेशींनी हल्ला करताना सोडलेल्या इंटरफेरॉनमुळेच हे प्रथिन वाढतं. शिवाय भांडण मिटवणाऱ्या नियामक टी पेशी गाठ आपल्याभोवती गोळा करते, ते वेगळंच.

हा खटका शोधणारे जपानचे तासुकु होंजो २०१८ च्या नोबेलचे एक मानकरी. तो दाबू न देणारी औषधं आली, पण किंमत शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरची. म्हणून मुंबईच्या टाटा मेमोरियलमधलं काम मला फार मोलाचं वाटतं. डोकं-मानेचा कर्करोग हाताबाहेर गेलेल्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना तिथे स्वस्त गोळ्या दिल्या. उरलेल्यांना त्याच गोळ्या आणि दर तीन आठवड्यांनी निव्होलुमॅब या खटका दाबू न देणाऱ्या औषधाचे २० मिलिग्रॅम. नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम! वर्षाअखेर नुसत्या गोळ्यांवरचे १६ टक्के हयात होते, औषध जोडलेले ४३ टक्के. पीडी-१ झाकायला थोडं औषधही पुरतं, हा त्यामागचा हिशेब.

तरीही ४३ म्हणजे निम्म्याहून कमीच. शेगाव-मलकापूरहून मुंबईची गाडी धरेपर्यंत बहुतेकांचा रोग पुढे गेलेला असतो. लवकर सापडला तर अनेकदा शस्त्रक्रियेवरच भागतं. तेव्हा आरशासमोर तोंड उघडून पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तीन आठवड्यांत जखम भरली नाही, स्वतःची तीन उभी बोटं तोंडात मावेनात, तर दंतवैद्याकडे किंवा सरकारी दवाखान्यात जा. दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला हा रोग बहुधा दुखत नाहीच.