शेतकरी कुळाचा इतिहास कोठे शोधावा?

रामकुंडावर धर्मकृत्यासाठी आलेला परगावचा गृहस्थ आपले गाव आणि आडनाव सांगतो. उपाध्याय जुनी वही काढतात, पाने उलटतात, आणि त्या गृहस्थास त्याच्याच पणजोबांचे नाव वाचून दाखवितात. नाशिककरांना हा देखावा नवा नाही. नाशिकच्या आणि त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांनी आपल्या यजमानांच्या नामावळ्या पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेविल्या आहेत. विसाव्या शतकात महाराष्ट्रातील अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तान्तही छापले. इतिहासाचार्य राजवाडे यांनी जुन्या दप्तरांसाठी गावोगाव पायपीट केली, आणि त्यांच्या मागून कित्येकांनी तोच मार्ग धरला. या साऱ्या खटाटोपातून ज्यांच्या घरी रुमालांत बांधलेली दप्तरे होती त्यांचा इतिहास हाती आला. ज्यांच्या घरी दप्तराऐवजी नागलीची कणगी होती, त्यांचे काय?

आज आम्ही अशाच एका घराविषयी बोलणार आहो. हे घर कोणा एकाचे नव्हे. नाशिकहून पेठ रस्त्याने सावळघाट उतरून पलीकडे गेल्यावर कोणत्याही पाड्यावर ते भेटेल. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली ओटी, दोन बैल, चार शेळ्या, उतारावर थोडी वरकस जमीन आणि ओहोळाच्या काठी भाताची दोन खाचरे. कुटुंब कोकणा असेल, महादेव कोळी असेल किंवा वारली असेल. आम्हांस विचारावयाचे आहे ते इतकेच : या घराला इतिहास आहे काय? असल्यास तो कोठे लिहिला आहे? आणि तो लिहून काढणे इतके निकडीचे का झाले आहे?

प्रथम मुलुख ध्यानी घेऊ. पेठ हे एके काळी संस्थान होते आणि दळवी घराण्याची सत्ता तेथे होती. १८५७ साली या भागात उठाव झाला, तेव्हा त्या घराण्यातील भगवंतराव यांस इंग्रजांनी फाशी दिले. पुढे १८७८ साली संस्थान खालसा होऊन नाशिक जिल्ह्यास जोडले गेले. इतिहासाच्या पुस्तकात पेठेच्या वाट्याला येतात त्या अशाच चार ओळी. त्यांत राजा आहे, फाशी आहे, खालसा आहे. पण त्याच वर्षी कोणत्या पाड्यावर कोणी किती नागली पिकविली याचा शब्दही नाही. तो असणार तरी कसा? लिहिणारा राजाकडे पाहत होता, आणि पिकविणारा आभाळाकडे.

पिकविणाऱ्याच्या घरी आपण इतिहास विचारू लागलो, की पहिली अडचण सनावळीची येते. एका वृद्ध गृहस्थांस आम्ही विचारले, "बाबा, तुमचा जन्म कोणत्या सालचा?" ते म्हणाले, "साल कोणाला ठावं, भाऊ? आय आवणीला गेली हुती, त्या दिसाचा मी." शाळेच्या दाखल्यावर त्यांची जन्मतारीख १ जून होती. त्यांच्या धाकट्या भावाची १ जून, शेजाऱ्याचीही १ जूनच! शाळा जूनमध्ये उघडे, आणि गुरुजींना तर काही तरी तारीख लिहिणे भागच असे. आईने सांगितलेली आवणी खरी, की दाखल्यावरची १ जून खरी? आवणी म्हणजे भाताची किंवा नागलीची रोपे उपटून पुन्हा लावण्याचे काम. ते आषाढाच्या सुमारास चालते. म्हणजे कागदापेक्षा आईचे सांगणे अधिक अचूक होते. उणे होते ते केवळ वर्ष.

तेही सापडते. १९७२ च्या दुष्काळात आपण खडी फोडावयास गेलो तेव्हा थोरला मुलगा चालू लागला होता, हे बाबा खात्रीने सांगतात. आपला बाप 'मानमोडी'त पोरका झाला, हे त्यांनी लहानपणी ऐकलेले असते. मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. त्याही आधीच्या पिढीची आठवण 'छप्पन्या'पाशी, म्हणजे विक्रम संवत १९५६ च्या, १८९९-१९०० मधील दुष्काळापाशी येऊन थांबते. दुष्काळ, साथ, दुष्काळ! राजांच्या वंशावळीत राज्यारोहणे मोजतात. कष्टकऱ्याच्या वंशावळीत संकटे मोजतात. मात्र अशा तीन खुणा हाती आल्या, की शंभर-सव्वाशे वर्षांची सनावळी उभी राहते, आणि तिला आधार सापडत नाही असे म्हणता येत नाही.

आठवणीहून मोठी वही मात्र दाराबाहेर पसरलेली आहे. ती म्हणजे जमीन. ही वही वाचावयाची तर तेथील शेतीची रीत समजून घेतली पाहिजे. फाल्गुन-चैत्रात झाडांच्या फांद्यांचे टहाळे तोडतात. रोपांसाठी निवडलेल्या तुकड्यावर शेण, टहाळे, पाचोळा आणि गवत यांचे थर रचून वर थोडी माती टाकतात, आणि पावसाआधी तो ढीग भाजतात. याला राब म्हणतात. भाजल्याने तण आणि किडे मरतात, राखेने रोप जोम धरते. पावसाच्या सरींनी माती वाहून जाईल अशा उतारावर हा उपाय कोणा पुस्तकातून आलेला नाही. तो बापाने लेकाला आणि सासूने सुनेला दाखविला.

वरकस जमिनीचा क्रमही ठरलेला. पहिल्या वर्षी नागली, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी खुरासणी, आणि मग काही वर्षे जमिनीस विसावा. जमीन दमते, तिलाही निजू दिले पाहिजे, हे कुटुंबाला ठाऊक होते. आता सरकारी नजरेने त्याच जमिनीकडे पाहा. १८७८ साली हिंदुस्थानात वनांचा कायदा झाला आणि रानांवर सरकारी हद्दी पडत गेल्या. मोजणीदार येतो त्या वर्षी जमीन विसाव्याला असेल, तर त्याला तेथे काय दिसेल? गवत आणि झुडपे. शेतकऱ्याच्या मते ती आजोबांची जमीन. कागदाच्या मते ती पडीक किंवा जंगल. एकाच भुईला दोघांनी दोन नावे दिली, आणि टिकले ते कागदावरचे नाव. शेकडो घरांच्या दुःखाचे मूळ या एका गोष्टीत आहे, असे आम्हांस वाटते.

तरी जमीन साक्ष देतेच. उतारावरचे दगड वेचून रचलेले बांध पाहा. एका माणसाचे ते एका उन्हाळ्याचे काम नव्हे. खालचे दगड मातीत रुतलेले आणि शेवाळलेले, मधले थोडे उघडे, वरचे कालपरवाचे. आजोबांनी पाया घातला, बापाने उंची वाढविली, लेकाने पावसात फुटलेली जागा सांधली. बांधाशेजारी जुना आंबा किंवा मोह असतो, आणि तो कोणी राखला हे पाड्यावर सर्वांना माहीत असते. पलीकडे पूर्वजांच्या नावाने मांडलेले दगड असतात, वाघबारशीला पुजावयाचा वाघदेव असतो. घराची ही दुसरी वंशावळ. तिला शाई लागलेली नाही, घाम लागलेला आहे.

तिसरी वंशावळ कणगीत आहे, आणि ती बायकांची आहे. आपल्या कागदी वंशवृक्षांत बापामागे लेक आणि लेकामागे नातू येतो. लेकीसुनांना तेथे जागा नसते. परंतु घरचे बी कोणी निवडले? कोणते कणीस बियाण्यासाठी वेगळे टांगावयाचे, कोणती नागली हळवी आणि कोणती गरवी, हे पुष्कळ घरी सासूकडून सुनेकडे आलेले ज्ञान आहे. नागलीचे दाणे वर्षानुवर्षे न किडता टिकतात. म्हणूनच दुष्काळात ही घरे तगली. कणसरी ही तेथील लोकांची धान्यदेवता आहे, आणि धान्याला पाय लागू नये असे मुलांना शिकविले जाते. २०२३ साल जगाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हा शहरात नागलीची महती नव्याने ऐकू आली. ज्या बायांनी ते बी टिकविले त्यांची नावे मात्र कोणी विचारली नाहीत.

आता हा इतिहास लिहून काढण्याची निकड काय, याकडे वळू. २००६ साली वनहक्क कायदा झाला, आणि त्याचे नियम १ जानेवारी २००८ पासून लागू झाले. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जो आदिवासी शेतकरी वनजमीन कसतो आहे, त्याचा प्रत्यक्ष कसणुकीतील जमिनीवर, चार हेक्टरांच्या मर्यादेत, हक्क मान्य करावा असे हा कायदा सांगतो. हा हक्क वारसाने मिळतो, पण विकता येत नाही. पती-पत्नी दोघांच्या नावे तो संयुक्तपणे नोंदवावयाचा असतो. दाव्याची सुरुवात ग्रामसभेत होते.

या नियमांत पुराव्यांची जी यादी आहे, ती प्रत्येक सुशिक्षिताने वाचावी अशी आहे. सरकारी कागद त्यात आहेतच. परंतु त्यांच्या जोडीला घर, बांध, सपाट केलेली जमीन, विहिरी, दफनभूमी, देवस्थाने, वृद्धांचे लिहून घेतलेले सांगणे आणि वंशावळ याही गोष्टी पुरावा म्हणून मानल्या आहेत. उपग्रहाची छायाचित्रे पूरक म्हणून घ्यावी, इतर पुराव्यांची जागा त्यांना देऊ नये, असेही २०१२ च्या सुधारणेत स्पष्ट केले आहे. ज्याला आम्ही आतापर्यंत दगड, आंबा, म्हाताऱ्याची गोष्ट म्हणत होतो, त्याला कायद्याने दस्तऐवजाच्या पंक्तीस बसविले!

परंतु कायद्याने पान वाढले तरी घास हाताने घ्यावा लागतो. आमच्या माहितीच्या एका घराचा दावा पुरावा अपुरा म्हणून परत आला. कारण काय? जुन्या कागदावर आजोबांचे नाव सोम्या होते, कारण ते सोमवारी जन्मले. शाळेत बापाच्या नावापुढे सोमनाथ लागले. पुढे कोणी सोमा लिहिले, आणि आडनावही एके ठिकाणी कुळाचे तर दुसरे ठिकाणी गावावरून पडलेले. एक माणूस कागदावर तीन माणसे झाला, आणि तिघांचे परस्परांशी नाते काय, हे सिद्ध करण्याचे काम नातवाच्या गळ्यात पडले. हे तिघे एकच, असे शपथेवर सांगू शकणारी आजी त्याच्या आदल्या पावसाळ्यात वारली होती. तिचे सांगणे कोणी लिहून ठेविले असते तर!

जातीच्या दाखल्याच्या पडताळणीतही हीच ओढाताण होते. अनुसूचित जमातींचा आदेश ६ सप्टेंबर १९५० चा. म्हणून त्यापूर्वीची कागदपत्रे आणि वंशावळ मागितली जाते. ज्या घरात पहिला मुलगा १९६० नंतर शाळेत गेला, त्याने १९५० चा दाखला कोठून आणावा? त्यातच पेठेची सोयरीक पलीकडे धरमपूर-कपराड्यापर्यंत पसरलेली. १९६० साली राज्यांची सीमा मधून गेली. मामाचे कागद गुजरातीत, काकाचे मराठीत. रक्त एकच, दप्तरे दोन.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो शेतकरी पायी चालत गेले. सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडची माणसे त्यांत मोठ्या संख्येने होती, आणि वनजमिनीचे पट्टे ही त्यांची मुख्य मागणी होती. त्यांच्या पायांना आलेले फोड आपण वर्तमानपत्रांतील छायाचित्रांत पाहिले. आपल्या आजोबाने ही जमीन कसली, एवढी गोष्ट मान्य व्हावी म्हणून ते चालले होते. घराण्याचा इतिहास हा फावल्या वेळेचा छंद आहे, असे कोणी म्हणू लागल्यास त्याला ते पाय दाखवावे.

मग आपण काय करावे? उपाय साधा आहे. प्रत्येक घरातील वृद्धांस जवळ बसवून आजा, पणजा, आजी, पणजी यांची नावे, टोपणनावांसह, लिहून घ्यावी. ज्या नावाची जितकी रूपे असतील तितकी सर्व लिहावी. जन्ममृत्यूचे साल न कळले तरी दुष्काळ, साथ, लग्न, आवणी अशी खूण लिहावी. शाळेच्या जुन्या रजिस्टरातील नोंद, गावचे जन्ममृत्यूचे दप्तर, सातबारा आणि फेरफार यांच्या नकला काढून ठेवाव्या. बांध, विहीर, जुनी झाडे, पूर्वजांचे दगड यांचा हाताने नकाशा काढावा. शेवटी हे सारे ग्रामसभेपुढे वाचून वृद्धांचे अंगठे किंवा सह्या घ्याव्या. एका वहीचे आणि चार संध्याकाळचे हे काम आहे. तालुक्यातील शाळा-महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी मनावर घेतल्यास एका उन्हाळ्यात पाडेच्या पाडे लिहून होतील.

आणि शहरकरांनी हे काम फार दूरचे समजू नये. भात-नागलीची कापणी आटोपली, की पेठेची कितीतरी माणसे दिंडोरी-पिंपळगावच्या द्राक्षबागांत आणि नाशिकच्या बांधकामांवर येतात. सकाळी मजुरांच्या नाक्यावर उभा असलेला माणूस आपल्या घरी स्वतःच्या जमिनीचा मालक आहे, किंवा निदान तसा हक्क सांगणारा आहे, हे आपणांस सहसा ठाऊक नसते. पहिला पाऊस पडला की तो परत जातो; कारण राब भाजून तयार असतो आणि आवणी कोणासाठी थांबत नाही. तो येथे असेल त्या दिवसांत त्याला मजुरीचा दर विचारताना त्याच्या आजोबांचे नावही विचारावे. लिहिता येणाऱ्याने ते कागदावर उतरून त्याच्या हाती द्यावे. रामकुंडावरच्या वहीत आपले नाव कोणी तरी लिहिले म्हणून ते आपणांस सापडते; तेवढेच दुसऱ्यासाठी करावयाचे आहे.