जूलच्या तळघरातलं पाणी

मँचेस्टरजवळच्या सेल गावातल्या ब्रुकलँड्स दफनभूमीत एका थडग्यावर 772.55 हा आकडा कोरलेला आहे. मुलीकडे इंग्लंडला गेलो असताना तो मुद्दाम पाहून आलो, कारण भौतिकशास्त्रात इतक्या कष्टाने कमावलेला आकडा मला दुसरा माहीत नाही. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायचं, तर 772.55 पौंडांचं वजन एक फूट उतरताना जेवढं काम करतं, तेवढं काम त्या पाण्यात जिरवावं लागतं. हे मोजलं जेम्स प्रेस्कॉट जूल यांनी. सॅलफर्डच्या बिअर बनवणाऱ्या घरातला हा मुलगा.

पार्श्वभूमी थोडक्यात उरकतो. अठराव्या शतकात उष्णता म्हणजे ‘कॅलरिक’ नावाचा अदृश्य द्रव असं मानत. ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅक यांनी 1760च्या सुमारास उष्णता वेगळी आणि तापमान वेगळं हे दाखवलं. काउंट रम्फर्ड यांनी म्युनिकमध्ये तोफेची नळी कोरताना नुसत्या घर्षणाने पाण्याला उकळी आणली, त्याचा वृत्तान्त 1798चा. द्रवाच्या कल्पनेला तडा गेला.

आता तळघरात उतरू. जूल यांच्या 1850च्या प्रबंधातला प्रयोग मी आजही चवीने वाचतो. तांब्याचं भांडं, त्यात पाणी, पाण्यात पितळी पात्यांचा दांडा. ताक घुसळायच्या रवीसारखा तो फिरे. पाणी सोबत गरगरत राहू नये म्हणून भांड्यात स्थिर पातीही बसवलेली. दोरीला शिशाची दोन वजनं, प्रत्येकी साधारण 29 पौंडांची. ती पाच फुटांहून थोडी जास्त खाली आली की खुंटी काढून दांडा मोकळा करायचा, वजनं वर गुंडाळायची आणि पुन्हा सोडायची. असं वीस वेळा. 35 मिनिटांच्या या खटाटोपाने पाणी तापे जेमतेम अर्धा अंश फॅरनहाइट! अंगाची ऊब भांड्याला लागू नये म्हणून मध्ये लाकडी पडदा उभा केला होता. अंशाचा दोनशेवा भाग आपण नजरेने वाचू शकतो, असा जूल यांचा दावा होता. माझी खात्री आहे की ही नजर बिअरच्या कारखान्यात तयार झाली. तिथे पिंपाचं तापमान चुकलं की माल हातचा गेला.

एवढं घुसळूनही थर्मामीटर इतका कमी का चढला? पाण्यामुळे. एक किलो पाणी एक अंश सेल्सिअसने तापायला 4,186 जूल लागतात. लोखंडाला 450च्या आसपास, शिशाला अवघे 130. हीच विशिष्ट उष्माधारकता. घुसळण्याचं काम पाण्याची आंतरिक ऊर्जा वाढवतं, पण तिचा मोठा वाटा रेणूंची एकमेकांवरची पकड सैल करण्यात जातो. तापमानातून कळते ती रेणूंच्या हालचालीची सरासरी, ऊर्जेचा एकूण साठा नव्हे.

1847च्या ऑगस्टमध्ये लग्न करून जूल आल्प्समध्ये गेले. तिथे त्यांची गाठ पडली विल्यम थॉमसन यांच्याशी, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिन यांच्याशी. थॉमसन यांनी लिहून ठेवलंय की जूल यांच्या हातात लांबलचक थर्मामीटर होता आणि नवी नवरी जवळच गाडीत बसली होती. धबधब्याच्या माथ्याचं आणि पायथ्याचं पाणी ताडून पाहायचा बेत होता. पुढे दोघांनी सालांशच्या धबधब्यापाशी प्रयत्न केलाही, पण पाणी तुषार होऊन पांगत होतं. गणित मात्र चोख. पडण्याची सगळी ऊर्जा पाण्यातच राहिली, तर एका अंश सेल्सिअससाठी 427 मीटरचा कडा हवा. शिशाच्या गोळीला तेवढ्यासाठी 13 मीटर पुरतात, म्हणजे चार मजली इमारतीची गच्ची!

मग जूल यांनी पाण्याऐवजी पारा घुसळला, ओतीव लोखंडही लोखंडावर घासलं. प्रत्येकाची उष्माधारकता निराळी, चढलेले अंश निराळे; तरी 1850च्या त्या प्रबंधात पाण्याचा हिशेब आला 772.7, पाऱ्याचा 774.1, लोखंडाचा 775. आज आपण 778 धरतो. लोखंड घासताना आवाज होई, म्हणजे थोडी ऊर्जा आवाजातही जाई. तितकाच आवाज काढायला चेलोच्या तारेला किती जोर लागतो, हे तपासून जूल यांनी तीही वजा केली.