पिकअपमधून जळक्या रबराचा वास : पट्टा, ब्रेक की वायरिंग?

रायपूर : डूमरतराईच्या घाऊक बाजारातून पहाटे भाजी भरून निघणारी किंवा उरला-सिलतरा औद्योगिक पट्ट्यात दिवसभर खेपा मारणारी पिकअप वाहने हा छत्तीसगडच्या राजधानीतील मालवाहतुकीचा कणा आहे. त्यांपैकी बहुतेकांचा मालक हाच चालक असतो आणि गाडी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाची कमाई बुडते. त्यामुळे केबिनमध्ये जळक्या रबराचा वास येऊ लागला तरी ‘खेप उरकून बघू’ असे म्हणण्याकडे कल असतो. हा वास कधी किरकोळ किमतीच्या पट्ट्याचा असतो, तर कधी ब्रेक निकामी होण्याची किंवा आग लागण्याची पूर्वसूचना असते.

वास कशाचा आहे यापेक्षा तो केव्हा येतो, हा प्रश्न निदानासाठी अधिक उपयोगी ठरतो. गाडी सुरू करताच किंवा एसी लावताच किंचाळल्यासारखा आवाज येऊन वास सुटत असेल, तर संशय इंजिनाच्या पुढील बाजूच्या पट्ट्यावर घ्यावा. चढावर अर्ध्या क्लचवर गाडी रेटताना येणारा उग्र वास बहुधा क्लच प्लेटच्या अस्तराचा असतो, मात्र अनेक जण तो रबराचाच समजतात. काही किलोमीटर चालून गाडी थांबवल्यावर एकाच चाकाजवळ वास येत असेल, तर ब्रेक अडकल्याची शक्यता मोठी. खड्ड्यात किंवा वळणावर, तेही भरलेल्या गाडीतच वास येत असेल, तर टायर मडगार्डला घासत नाही ना, हे पाहावे. पाटा तुटला असेल किंवा क्षमतेपेक्षा जास्त माल भरला असेल, तर असे घडते. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनासाठी २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये दंड आहे, हेही येथे लक्षात ठेवलेले बरे.

पट्ट्याची तपासणी इंजिन बंद करून आणि किल्ली काढूनच करावी. आतील बाजू काचेसारखी गुळगुळीत झाली असेल, भेगा पडल्या असतील किंवा कडा उसवल्या असतील, तर पट्टा बदलणे हाच उपाय. परंतु अनेक ठिकाणी नेमकी येथेच गफलत होते. नवा पट्टा बसतो, आठवडाभराने तोच वास परत येतो. कारण पट्टा जळाला होता तो जाम झालेल्या पुलीमुळे. अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर किंवा ताण देणारी पुली यांपैकी एखाद्याचे बेअरिंग अडकले की पट्टा तिच्यावर घसरत राहतो. म्हणून पट्टा काढल्यावर प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहावी. खरखर, अडखळ किंवा डगडग जाणवली, तर बेअरिंग आधी बदलावे. पट्ट्यावर तेल गळत असेल, तर ती गळती थांबवल्याशिवाय नव्या पट्ट्याला अर्थ नाही. अनेक गाड्यांत हाच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. मे महिन्यात रायपूरचा पारा ४५ अंशांच्या घरात असताना तो तुटला, तर इंजिन तापायला काही मिनिटे पुरतात.

ब्रेकचे प्रकरण अधिक गंभीर. रायपूरहून जगदलपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ३० वर कांकेर ओलांडल्यावर केशकाल घाट लागतो. आधीच घासत असलेला ब्रेक घेऊन असा घाट उतरणे म्हणजे उतारावर ब्रेक पूर्ण गमावण्याची जोखीम पत्करणे होय. अतिउष्णतेने अस्तराची पकड सुटते, ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ लागते. तपासणी सोपी आहे. जोरात ब्रेक न लावता थोडे अंतर चालवून गाडी थांबवावी आणि हाताची मागील बाजू चाकांच्या जवळ नेऊन, स्पर्श न करता, उष्णतेची तुलना करावी. एकच चाक जास्त तापले असेल, तर ते जॅकवर उचलून फिरवावे. फिरत नसेल, तर मेकॅनिक त्या चाकाचा हवा काढण्याचा निपल सैल करतो. त्यानंतर चाक मोकळे झाले, तर दाब आत अडकला होता. बाहेरून धडधाकट दिसणारी रबरी नळी आतून फुगल्याने तेल परत जात नाही, हे त्याचे नेहमीचे कारण. तरीही चाक जाम राहिले, तर गंजलेला कॅलिपर, व्हील सिलिंडर किंवा न सुटणारी हँडब्रेकची केबल तपासावी. नवे अस्तर बसवल्यावर पहिले काही दिवस येणारा सौम्य वास मात्र स्वाभाविक असतो.

गाडी उभी असताना, इंजिन थंड असतानाही वास येत असेल, तर तो वायरिंगचा समजावा. नंतर बसवलेले जादा दिवे, हॉर्न आणि म्युझिक सिस्टीम यांच्या जोडण्या आधी पाहाव्यात. फ्यूज वारंवार उडतो म्हणून जादा क्षमतेचा फ्यूज किंवा तार लावणे, ही सर्वांत घातक सवय आहे. मग फ्यूजऐवजी वायर जळते. अशा वेळी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि धूर नसेल तरच बॅटरीची ऋण तार सोडवावी. बॉनेटखालून धूर येत असेल, तर बॉनेट सताड उघडू नये. हवा मिळताच ज्वाळा भडकतात. सर्वांनी गाडीपासून दूर जाऊन ११२ वर कळवावे.